स्तामेनाच्या खोलीतल्या पिसवा

मिन्चोने घराचं कुलूप काढलं तेव्हा मे महिना अर्धा सरला होता आणि घर पाच महिने बंद होतं. दारावर बायकोच्या, स्तामेनाच्या, मृत्यूचा कागद अजून डकवलेला होता. बर्फाने आणि उन्हाने फोटोतला काळा रंग नेला होता. नाव वाचता येत होतं, चेहरा ओळखू येत नव्हता. सुटलेला एक कोपरा त्याने अंगठ्याने दाबून बसवला आणि आत पाऊल टाकलं.

हिवाळाभर तो प्लोवदिव्हला मुलाकडे होता, सातव्या मजल्यावर. तिथे त्याचा कुणाला जाच नव्हता आणि उपयोगही नव्हता. पन्नास वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजाव्या लागल्या. आता स्वतःच्या घरात शिरताना त्याला भरून आलं, पण ते भरून येणं पुरतं व्हायलाही सवड मिळाली नाही. घरातला बोळ ओलांडून तो स्वयंपाकघरात गेला, खिडकी उघडली, पिशवी टेबलावर ठेवली, आणि पोटरीला काहीतरी टोचलं. मग दुसऱ्या पायाला. त्याने खाली पाहिलं. सुनेने घेऊन दिलेले पांढरे मोजे पायात होते, आणि त्यांच्यावर कुणी मूठभर तीळ उधळावेत तसं काहीतरी पसरलं होतं. ते तीळ उड्या मारत होते.

"भावजी! आलात का एकदाचे?" कुंपणापलीकडून वेलिकाचा आवाज आला. "शहराचं लोणी काही मानवलेलं दिसत नाही. गेलात तेव्हा ओंडका होतात, आता फळी झालात!"

तो पाय झटकत अंगणात आला. शेजारीण फाटकात उभी होती, डोक्याला काळा रुमाल, हातात दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मुर्जो. जानेवारीत तिचा नवरा गेंचो गेला. मिन्चोला फोनवर कळलं होतं, पण घाट बर्फाने बंद होता. त्याने टोपी काढली.

"देव त्याला क्षमा करो, वहिनी."

"करो," ती म्हणाली. "मला करो म्हणावं आधी." आणि तिने दोरी सोडली.

मुर्जो बारा वर्षांचा होता, धनगरी जातीचा, करड्या केसांचा, एका कानाने बहिरा. कुणीतरी पोत्यात घालून टाकून दिलेलं ते पिल्लू स्तामेनाने दुधाच्या बोळ्यावर वाढवलं होतं. मालकाच्या पायाला त्याने नाक लावलं, शेपटी दोनदा हलवली, आणि तो सरळ घरात शिरला. बोळात उजव्या हाताच्या बंद दारासमोर जाऊन तो बसला. मिन्चोने त्याला गळ्यातल्या पट्ट्याला धरून तिथून ओढत आणलं.

पहिले आठ दिवस त्याने पिसवांकडे फारसं लक्ष दिलं नाही. लहानपणी कुणाच्या घरात पिसवा नव्हत्या? पण मुर्जोचं खाजवणं थांबेना. तो अंग खाजवता खाजवता मध्येच थांबायचा, पाय हवेत तसाच, जणू पुढचं विसरला. शेपटीच्या मुळाशी केस गेले होते. एका सकाळी तो पायरी चढताना बसला, आणि उठलाच नाही.

त्या मंगळवारी गावच्या कचेरीत जनावरांची डॉक्टर यायची होती. यानेवा नावाची, तिशीची, बाह्या वर केलेली मुलगी. मिन्चोने हातगाडीत घोंगडी अंथरून कुत्र्याला नेलं. तिने मुर्जोचा ओठ वर केला. हिरडी मेणबत्तीसारखी पांढरी होती.

"आजोबा, हा रक्तावर नाही, जिद्दीवर उभा आहे."

"वय झालंय त्याचं."

"वयाने हिरड्या पांढऱ्या होत नाहीत. बघा इकडे." तिने बारीक फणी कुत्र्याच्या पाठीवरून ओढली. फणीत काळी पूड आली, मिरपूड सांडावी तशी. ती तिने ओल्या कापसावर टाकली आणि कापसावर तांबूस ठिपके पसरले. "हे याचंच रक्त. पिसवांनी प्यायलेलं आणि टाकलेलं. घरी अशी पूड कुठे दिसली की समजायचं, हा तिथे झोपत होता." तिने मानेवर औषधाचे थेंब सोडले. "अंगावर दिसतात त्या शंभरात पाच. बाकीच्या घरात आहेत. अंडी, अळ्या, कोष. घर बंद होतं ना? कोषात त्या महिनोन् महिने बसून राहतात, वाट बघत. जमीन हादरली, ऊब लागली, की त्यांना कळतं, कुणीतरी आलं."

"कुणीतरी आलं," मिन्चो म्हणाला.

"म्हणजे जेवण आलं, आजोबा. औषध मी दर महिन्याला देईन, पण हा जिथे जिथे झोपला ती एकूण एक जागा धुवायची. अंथरूण उकळायचं, फटी झाडायच्या, झाडलेलं जाळायचं. एक जागा राहिली तर सगळं परत पहिल्यापासून."

तो घरी आला आणि कामाला लागला. काम त्याला येत होतं. स्वयंपाकघर, बोळ, परसदार, सगळं त्याने बाहेर काढलं. वेलिका न बोलावता आली. अक्रोडाच्या कोवळ्या पानांची टोपली तिने कढईत रिकामी केली आणि काळंशार कडू पाणी उकळून जमिनीवर ओतलं. मिन्चो पत्र्याची पट्टी फळ्यांच्या फटींतून फिरवून वर्षानुवर्षांची धूळ उकरत होता.

"फळ्या कच्च्या लाकडाच्या बसवल्यात, भावजी. स्तामेना जन्मभर सांगत होती, सुताराच्या घराला फटी."

"लग्न तोंडावर आलं होतं. लाकूड वाळायला वेळ नव्हता."

"मग बायकोने वाट पाहिली असती! लाकडापेक्षा तुम्हीच जास्त हिरवे होतात तेव्हा." ती हसली, आणि हसता हसता तिची नजर उजवीकडच्या दाराकडे गेली. "आणि ही खोली?"

"ती बंद आहे."

"बंद आहे हे पिसवांना सांगितलंय का कुणी?"

मिन्चोने पट्टी आणखी खोल घातली. तो फट उकरत राहिला.

त्या खोलीत स्तामेना गेली होती, ऑक्टोबरच्या शेवटी. शेवटचे आठ दिवस तिला पाणी गिळता येत नव्हतं. तो बोटाने तिचे ओठ ओले करायचा आणि ती डोळ्यांनी अजून मागायची. तिला मातीत ठेवून आल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे सगळं केलं. माणूस गेल्यावर चाळीस दिवस त्याचा जीव घरात येत-जात असतो. तेव्हा खोलीत वावरायचं नाही, झाडायचं नाही, अंथरूण हलवायचं नाही, दार हातभर उघडं ठेवायचं, उशाशी भाकरी-पाणी ठेवायचं. आजकाल ही सगळी बंधनं कुणी पाळत नाही. गेंचो तर म्हणाला होता, "अरे, निदान उशी तरी उन्हात टाक." मिन्चोने पाळली. भाकरी तिने महिनाभर खाल्लीच नव्हती, म्हणून बुटक्या स्टुलावर नुसता पाण्याचा मोठा मातीचा वाडगा ठेवला. आत न जाता, उंबऱ्यातून हात लांब करून भरता येईल असा.

दुसऱ्या दिवशी वाडग्यातलं पाणी चार बोटं उतरलं होतं.

त्याने परत भरलं. परत उतरलं. दार रात्री हातभर उघडं ठेवलेलं, सकाळी जरा जास्त उघडलेलं असायचं. पांघरुणावर, भिंतीकडच्या बाजूला, एक खोलगट जागा पडली होती. ती रोज ताजी वाटायची. स्तामेना कूस वळवून, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची, तेवढीच ती जागा. तो उंबऱ्यात उभा राहून बघायचा. चाळीस दिवसांत त्याने एकदाही उंबरा ओलांडला नाही. रडलाही नाही, कारण रडायचं काही कारणच उरलं नव्हतं. ती तहानलेली गेली होती, आणि आता पीत होती. चाळिसाव्या दिवशी त्याने दार ओढून घेतलं, मुर्जोला शेजारी दिलं, आणि मुलाच्या गाडीत बसला. निघताना त्याने ही गोष्ट एकट्या वेलिकाला सांगितली होती. कुणालातरी सांगितल्याशिवाय ती त्याला पेलत नव्हती.

कढईखालचा जाळ सारत वेलिका एकाएकी म्हणाली, "माझं नाही उतरलं."

"काय?"

"पाणी. गेंचोचं. तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून मीही ठेवलं. नाहीतर मी कुठली असल्या गोष्टी करायला? चाळीस दिवस ठेवलं. आधी पेल्यात ठेवलं, मग वाटलं पेला आवडला नसेल, तुमच्यासारखा वाडगा ठेवला. तोही काठोकाठ. वरती धूळ धरायची, भावजी, धूळ. मी ती बोटाने काढायची आणि परत ठेवायची."

मिन्चो पट्टी हातात धरून तसाच बसला.

"त्या दिवशी मी त्याला लाकडं आणायला सांगितली," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, बाजारातले भाव सांगावेत तसा. "तो म्हणाला, छातीत दुखतंय. मी म्हटलं, काम निघालं की तुझं काही ना काही दुखतंच, सोंगं पुरे कर. तो उठला, गेला. लाकडाच्या ढिगापाशी सापडला. आता मला सांगा, असला माणूस परत येऊन माझ्या हातचं पाणी पिईल? तुमची आली. तुम्ही तिचे ओठ ओले केलेत. माझा नाही आला. येईल कशाला!"

"तसं नसेल, वहिनी."

"मग कसं असेल?"

त्याने पट्टी पुन्हा फटीत घातली. ती टोपली उचलून गेली.

तीन दिवस घरात अक्रोडाचा कडू वास होता आणि पिसवा कमी झाल्या. चौथ्या दिवशी त्या परत आल्या. मिन्चोने नवे पांढरे मोजे घातले आणि घरभर फिरून पाहिलं. स्वयंपाकघरात दोन, परसदारी एक. बोळात, त्या बंद दारापाशी, एकोणतीस मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. दाराखालच्या फटीतून येत होत्या. ती फटही त्याच्याच हातची.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरने मुर्जोचा ओठ वर केला आणि लगेच सोडला.

"सगळं धुतलंत?"

"धुतलं."

"हा झोपायचा कुठे?"

"बोळात."

"आणखी कुठे?"

मिन्चोने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कुठे नाही."

मुलीने फणी पुसून ठेवली. रागावली नाही. "आजोबा, मी तुमच्या घरात येऊन बघणार नाही. पण हे असंच चाललं तर पुढच्या मंगळवारी ही हातगाडी आणायची गरज पडणार नाही."

रस्त्याने येताना मुर्जो हातगाडीत मान टाकून पडला होता. चाक खड्ड्यात गेलं तरी डोळे उघडत नव्हता. मिन्चोला स्तामेनाचं एक वाक्य आठवत राहिलं. बोलता येत होतं तेव्हाचं शेवटचं. "मुर्जोला बांधू नका हं." स्वतःबद्दल ती काही बोलली नव्हती, मुलाबद्दल नाही, नवऱ्याबद्दल नाही. आणि आपण काय केलं? पाच महिने शेजारच्या दोरीला बांधून गेलो. आता एक दार उघडायचं तर हात उचलत नाही. खोली कुणासाठी राखतोय आपण? तिच्यासाठी की आपल्यासाठी?

याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ते लाजिरवाणं होतं. कुत्रा मेला तरी चालेल, पण ती खोलगट जागा राहिली पाहिजे, असं त्याच्या मनाने ठरवूनच टाकलं होतं. त्याला न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पँट मोज्यांत खोचली आणि दार उघडलं.

खोलीत बंद हवेचा वास होता. स्तामेनाचा नव्हता. त्याने खिडकी ढकलली तेव्हा उजेड थेट पलंगावर पडला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तो पलंगाजवळ गेला. उंबऱ्यातून जे दिसत नव्हतं ते आता हातभर अंतरावर होतं.

खोलगट जागेत करडे केस होते. एक-दोन नव्हे, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा थर. त्या केसांत, पांघरुणाच्या विणीत, मिरपूड सांडली होती. त्याने वाकून स्टुलावरचा वाडगा उचलला. पाणी केव्हाच आटलं होतं. काठावर लाळेचा सुकलेला चकचकीत पट्टा होता आणि त्यात तेच केस चिकटलेले. तळाशी आणखी.

त्याने रुमाल ओला केला, पांघरुणावरची पूड त्यावर घेतली आणि थांबला. रुमालावर तांबूस डाग पसरला.

म्हणजे दार नाकाने ढकललं जात होतं. म्हणजे चाळीस दिवस एक म्हातारं, अर्धबहिरं जनावर इथे येत होतं, आपल्या माणसाच्या जागी गुडघे पोटाशी घेऊन झोपत होतं, तहान लागली की पीत होतं. आणि तो उंबऱ्यात उभा राहून कृतज्ञ होत होता. कुणीही शहाण्या माणसाने पहिल्याच दिवशी आत जाऊन बघितलं असतं. पण आत जायचं नव्हतं. झाडायचं नव्हतं. एकदा झाडू फिरवला असता तरी कळलं असतं.

तो पलंगाच्या कडेवर बसला. ती तहानलेलीच गेली होती. तेवढं एक खरं उरलं, आणि ते त्याला पहिल्यांदाच नीट कळलं. तो किती वेळ बसला होता कोण जाणे. पोटऱ्यांची आग झाली तेव्हा उठला.

मग त्याने ते केलं. उशा अंगणात नेऊन जाळल्या. गादीतला पेंढा काढून त्याच आगीत टाकला. चादरी, तिचे झोपायचे दोन गाऊन, डोक्याचे रुमाल, सगळं कढईत उकळलं. कंगव्यात तिचे केस होते. कंगवा हातात घेऊन तो आगीजवळ गेला, परत आला, परत गेला. शेवटी कंगवा त्याने उकळत्या पाण्यात टाकला, केसांसकट, आणि पाठ फिरवली. पलंग खोलून बाहेर आणला, खिळ्यांची भोकंसुद्धा उकळत्या पाण्याने भरली. फळ्यांच्या फटी उकरल्या, भिंतीला चुना मारला. मुर्जो अंगणात उन्हात पडून एका डोळ्याने हे सगळं बघत होता. त्याला त्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीशेजारी घेतलं आणि फणी बुडवत, विंचरत, बुडवत बसला, बादलीचं पाणी काळं होईपर्यंत.

धूर बघून वेलिका आली. उघड्या खिडकीतून तिला रिकामी खोली दिसली. ती बाह्या सरसावून कढईकडे गेली.

राहिलं होतं ते लोकरीचं पांघरूण. स्तामेनाने लग्नाआधी स्वतः विणलेलं, तांबडं, बोटभर लांब केसांचं, कोरडं असतानाच एका माणसाला जड.

"हे उकळू नका," वेलिका म्हणाली. "उकळलं तर बाहुलीला पुरेल एवढं होईल."

"मग?"

"गार पाणी, साबण, आणि ऊन. तीनदा. चला, धरा."

दोघांनी ते अंगणातल्या दगडी हौदात बुडवलं. वेलिकाने पायांनी तुडवलं, मिन्चोने नळ सोडला. लालसर मातकट पाणी वाहत गेलं आणि त्याबरोबर करडे केस. वेलिकाने ते पाहिले. तिने केसांचा एक पुंजका उचलला, बोटांत चोळला, आणि टाकून दिला. तिला कळलं की नाही, हे तिच्या तोंडावरून त्याला समजलं नाही. न सांगताही भागलं असतं. पांघरूण वाळलं असतं, खोली कोरडी झाली असती, आणि आपली स्तामेना निदान वेलिकाच्या लेखी पाणी पिऊन गेलेली राहिली असती. एवढं तरी आपल्याकडे असू द्यावं, असं त्याला फार वाटलं.

"वहिनी," तो म्हणाला. नळ त्याने बंद केला, कारण पाण्याच्या आवाजात दोनदा सांगावं लागलं असतं. "ते पाणी मुर्जो पीत होता."

ती हौदात उभी राहिली, गुडघ्यापर्यंत ओली.

"वाडग्याला त्याचे केस आहेत. पलंगावरही तोच झोपत होता. मला दिसलं नाही. मी आत गेलोच नाही कधी. स्तामेना नव्हती आली." त्याने नळ आणखी आवळला. "कुणीच येत नसेल. ज्याच्या घरात कुत्रा मोकळा नाही त्याचं पाणी उतरत नाही, एवढंच. गेंचोचा राग त्यात नव्हता."

वेलिकाने पायाखालचं पांघरूण एकदा तुडवलं. मग म्हणाली, "चाळीस दिवस."

"हो."

"रोज सकाळी त्याची माफी मागत होते मी. रोज. वाडग्यापुढे बसून. मेल्या, थांब म्हणायचे, दुखतंय तर बस म्हणायचे." तिचा आवाज चढला. "आणि तुमचा तो कुत्रा..! भावजी, तुम्हाला जरा आत जाऊन बघता आलं नाही? सुतार ना तुम्ही? फटीत वाकून बघता, आणि हे दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"मला सांगायला कुणी सांगितलं होतं मग? गप बसायचं होतंत!"

"हो," मिन्चो म्हणाला. "तेव्हा गप बसायला हवं होतं."

तिने ओल्या हाताने तोंड पुसलं. तोंड जास्तच ओलं झालं. अंगणात मुर्जो उठून उभा राहिला, डगमगला, आणि सावलीत जाऊन बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं की काय, मिन्चोला कळलं नाही.

"तहान लागली असेल त्याला," ती म्हणाली. "आणि काय."

मग ती हौदातून उतरली. पांघरुणाचं एक टोक तिने उचललं, दुसरं त्याच्याकडे फेकलं. दोघं एकमेकांपासून चार पावलं दूर झाली.

"तुम्ही उजवीकडे पिळा, मी डावीकडे. आणि घट्ट धरा, सुटलं तर मातीत जाईल."

त्याने घट्ट धरलं. मधोमध पीळ बसत गेला, तांबडी लोकर काळी पडत गेली, आणि तिच्यातून पाणी यायला लागलं. आधी धारेने, मग थेंबाथेंबाने. दोघंही ते संपेपर्यंत पिळत राहिली.